कुणी धाडलं?

उंब्रजच्या गादीवाल्या चाचांएवढा चौकस माणूस साऱ्या सातारा-सांगलीत दुसरा नसेल. महामार्गाकडेच्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं, की गादी केवढी हवी हे नंतर. आधी एकच प्रश्न, "कुणी धाडलं?" उत्तर मिळाल्याशिवाय चाचा कापसाला हात लावत नाहीत, कारण ज्यानं गिऱ्हाईक धाडलं त्याला एक उशी घरपोच नेऊन द्यायची, हा त्यांचा रिवाज. वाईच्या एका गृहस्थांनी "कुणी नाही, रस्त्यावरून पाटी दिसली" असं सांगून पाहिलं. चाचांनी त्यांना अर्धा तास खोदून विचारलं आणि शेवटी पाटी रंगवणाऱ्या पेंटरला उशी पोचती केली.

मी कोरेगावात लोकांच्या धंद्यासाठी वेबसाइट तयार करते. गेल्या हिवाळ्यात मी चाचांकडे गेले, तेव्हा मलाही तोच प्रश्न आला. "मी गिऱ्हाईक नाही चाचा," म्हणून मी हसण्यावारी नेलं. त्यांचा पुण्याचा मुलगा दुकान बंद करून आमच्याकडे या म्हणून हट्टाला पेटला होता. लग्नसराई संपेपर्यंत फोनवरच्या जाहिरातीनं गिऱ्हाईक आलं तर दुकान राहील, नाहीतर कुलूप, असं बापलेकांत ठरलं होतं.

मी वेबसाइट केली, जाहिरात सोडली आणि जाहिरातीवरून कोण आलं याची नोंद घेणारा कोडही बसवला. चाचांचा चेहरा उतरला. "म्हंजी गिऱ्हाइकाला न इचारता त्याच्या मागनं हिंडायचं? आपल्याला न्हाई जमायचं." परवानगी विचारता येते म्हटल्यावर त्यांनी मजकूरच सांगितला, "पाव्हणं, तुमी कुठनं आला ते आमी बघू का? नको वाटत असंल तर खुशाल नको म्हना, गादी तशीच मिळंल." शिवाय 'नको'चं बटण मोठं, हिरवं आणि वर; 'बघा'चं बारीक, खाली. "नको म्हनायला मानूस लाजतो गं. त्येला सोपं करून ठिव." मी कौतुकानं तसंच केलं. एवढं शिकून मला त्यातली मेख दिसली नाही, हे इथं कबूल केलेलं बरं.

दर आठवड्याला मी चाचांना फोनवर आकडा कळवत होते; लग्नसराई संपली तरी नोंदीत शून्यच. तोंड पाडून मी उंब्रजला गेले. चाचांनी पिंजायचं यंत्र बंद केलं, अंगावरचा कापूस झटकला. "मंग पोराला कळवतो, येतो म्हनून," एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं. नजर चुकवायला मी कोपऱ्याकडे पाहिलं, तर तिथं उशांचा ढीग, पार छपरापर्यंत.

"ह्या कुणाच्या?"

"मोबाइलच्या. लय लोकं आली औंदा. कुणी धाडलं म्हटलं, की समदी मोबाइल म्हनत्यात. रिवाज म्हनून उशी शिवतो, पर पोचती कुठं करायची?"

"मग तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"तुझं यंतर शून्य म्हनतंय न्हवं? मला वाटलं, म्हातारा मानूस हाय, बरं वाटावं म्हनून लोकं बोलत असतील."

आलेल्या एकूणएक भल्या माणसानं ते मोठं हिरवं 'नको' दाबलं होतं! कोडनं बिचाऱ्यानं कुणाकडेच पाहिलं नव्हतं. मी तिथूनच पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मुलाला उशा मोजून दाखवल्या. कुलूप टळलं.

यंत्र पुन्हा सुरू करता करता चाचा थांबले. "आन तुला गं कुणी धाडलं हुतं? तवा बोलली न्हाईस."

आता टाळता येईना. "बाबांनी," मी म्हटलं. "शेवटी शेवटी तुमच्याच गादीवर असायचे. म्हणाले होते, त्या माणसाचं दुकान चालू राहिलं पाहिजे, तेवढं बघ."

चाचांनी मान खाली घालून यंत्र सुरू केलं. पण त्याच आठवड्यात ते एसटीनं कोरेगावला आले. ढिगातली नव्हे, नव्या कापसाची उशी काखेत. ती त्यांनी बाबांच्या खाटेवर ठेवली, दोन्ही हातांनी दाबून सारखी केली आणि चहाला न थांबता निघाले. मी ती अजून तिथून हलवलेली नाही.