गोऱ्ह्याचं मुसकं

सासूबाईंच्या हाताला जाळी फार देखणी यायची. भाकरीचं शिंकं, कडबा वाहायचं जाळं, बैलाच्या तोंडाचं मुसकं, सगळं त्या सुतळीचं विणायच्या. भोक किती ठेवायचं त्यातच खरी जाळी, असं त्यांचं म्हणणं. शिंक्यातून भांडं निसटू नये, जाळ्यातून कडबा गळू नये, आणि मुसक्यातून श्वास जावा पण जीभ बाहेर येऊ नये. एवढी अक्कल, आणि त्या वर्षी ती वापरली कशाला, तर नुकत्याच जन्मलेल्या गोऱ्ह्याचं तोंड बांधायला.

दुष्काळ होता. दूध सोसायटी पेंड द्यायची ती फक्त रोज दूध घालणाऱ्या सभासदांना. दूध तुटलं की पेंड तुटणार, आणि मग गायही जाणार. म्हणून गोऱ्ह्याला थेंबही नाही. पण वासरू समोर असल्याशिवाय गाय पान्हा सोडत नव्हती. मग धारेच्या वेळी मुसकं बांधूनच त्याला आणायचं. तो कासेला ढुशा द्यायचा, गाय त्याला चाटायची आणि दूध चरवीत पडायचं.

मी तेव्हा ओली बाळंतीण, हातात तान्ही मुलगी. त्याच्या ढुशा बघून माझा पदर भिजायचा. एकदा सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, एक आचळ तरी सोडा त्याला."

"गोऱ्हा हाय ते. पाजून काय करायचं? तू आपली पोर सांभाळ. ती बी काय लई कामाची न्हाई."

गोठ्यात नर नको, घरात मादी नको. इतका चोखंदळ दुष्काळ मी दुसरा पाहिला नाही. मला त्या बाईचा संताप यायचा. अजूनही येतो.

होळीच्या आधीच गोऱ्हा मेला. गाय हंबरत राहिली आणि संध्याकाळची धार कोरडी गेली. मग आमच्याकडे करतात तेच केलं. त्याचं कातडं काढवून घेतलं, आत भुसा भरला आणि ते वासरू गाईपुढे उभं केलं. शिवलं सासूबाईंनीच. जन्मभर जाळी विणलेला हात तो, टाके लांब लांब पडले.

गाईनं हुंगलं, चाटलं, पान्हा सुटला. सासूबाई धारेला बसल्या. चाटता चाटता पोटाच्या टाक्यांतून एक काडी बाहेर आली. गाईनं ती ओढून चावली. मग दुसरी. मग तोंड खुपसून ती आपल्या लेकराच्या पोटातलं खायला लागली, दूध देत देत.

सासूबाईंनी धार थांबवली नाही. मानही न वळवता म्हणाल्या, "बैलाचं मुसकं आण गं. समदा भुसा खाईल ती."

मी पोरीला जमिनीवर ठेवलं. ती रडायला लागली. तिला तसंच रडू दिलं आणि गाईचं तोंड बांधलं.