परवानगी न लागणारी खोली

आमच्या घराचा संडास अंगणाच्या पार टोकाला आहे, मागच्या कंपाउंडला पाठ लावून. तो तिथे असावा हा हट्ट आईचा. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये होते तोवर आम्ही कंपनीच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहिलो, आणि तिथे देवाची फळी ज्या भिंतीला ठोकली होती तिच्याच पलीकडे संडास होता. आई रोज दिवा लावताना देवाची माफी मागायची. "कंपनीचं घर आहे बापा, मी काय करू," असं ती चक्क देवाला समजावून सांगायची. ती भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातली. चूल, देव आणि संडास एका छपराखाली ही कल्पनाच तिला सोसत नसे, पण नोकरीभर तिने ती सोसली.

बाबा रिटायर झाले आणि रिसालीला प्लॉटवर घर बांधायला घेतलं, तेव्हा आईने मागून मागून एवढंच मागितलं. देवाला स्वतःची खोली, आणि ते दुसरं जितकं लांब नेता येईल तितकं लांब. बाबांनी नकाशा तसाच काढून घेतला, तसाच पास करून घेतला आणि त्यात रेघेचाही फरक न करता घर बांधलं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून देवघर. नियमाप्रमाणे बाजूला सोडायची ती जागा मोकळी सोडली. वास्तुशांतीच्या दिवशी आईने प्रत्येक बाईला हाताला धरून देवघर दाखवलं. मग मागच्या दारात उभं करून अंगणापार बोट दाखवलं आणि म्हणाली, "अन् ते पाहा, तिकडं!" ताजमहाल दाखवावा तसं.

मग तिच्या खुब्याचं हाड मोडलं. कुठे घसरली नाही की काही नाही, उंबऱ्यावरून पाय टाकताना पडली. ऑपरेशन झालं, रॉड बसला, वॉकर आला. चालणं मात्र परत आलं नाही. पलंगापासून मागच्या दारापर्यंत ती कशीबशी यायची. तिथून पायऱ्या उतरायच्या, तुळस ओलांडायची, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाखालून जायचं. पुढे वॉकर आणि बाजूला बाबा, आणि बाबांचेही गुडघे काही लोखंडाचे नाहीत. मी लग्न होऊन दुर्गला पद्मनाभपूरला असते, शाळेत शिकवते. शाळा सुटली की स्कूटर काढून रिसालीला जायचं आणि आईला अंगणातून नेऊन आणायचं, हा माझा रोजचा धंदा झाला. परत पलंगावर टेकली की ती घामाने भिजलेली असायची आणि तिचा चेहरा पांढरा पडलेला असायचा.

मी खुर्चीचं कमोड आणलं. आईने त्यावर चादर टाकली आणि वाळलेले कपडे रचून ठेवले. भांडं वापर म्हटलं, तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी शिवीच दिली. "तुह्या बाबाले माहं हे उचलाले लावू? त्यापेक्षा मेलेली बरी." एकुलती एक लेक मी. रोज सकाळ-संध्याकाळ मी तिथे नसते हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

उपाय साधा होता. पलंगाच्या खोलीला लागून बाजूची मोकळी पट्टी आहे, तिथे एक छोटं बाथरूम काढायचं आणि खोलीतून दार पाडायचं. बाबा लगेच हो म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. पण पुढचं वाक्य त्यांनी लगेच जोडलं. "आधी परवानगी घेऊ."

आमच्या गल्लीत परवानगी घेऊन वाढीव बांधकाम केलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. एकाने त्या पट्टीत जिना चढवला आहे, एकाने शटर टाकून दुकान काढलं आहे, आणि समोरच्यांनी तर स्लॅब रस्त्यावर असा आणलाय की त्याच्या सावलीत भाजीवाला बसतो. सगळे आधी बांधतात आणि मग नोटीस आलीच तर धावपळ करतात. पण बाबा इलेक्ट्रिकलचे. प्लांटमध्ये परमिटवर सही झाल्याशिवाय त्यांनी कधी स्विचला बोट लावलं नाही, आणि दुसऱ्याला लावू दिलं नाही. त्यांच्यासारख्या माणसांना रिटायर झाल्यावर घड्याळ देतात, पण ती सवय काही काढून घेत नाहीत.

नकाशा काढणारे इंजिनियर आले. भला माणूस. त्याने टेप लावून पट्टी मोजली, जुना नकाशा पाहिला आणि डोकं खाजवलं. तरी अर्ज टाकला. ऑफिसातून पाहणीला माणूस आला, त्यानेही टेप लावली, चहा घेतला, आईला नमस्कार केला. आम्ही वाट पाहत राहिलो. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे मी लहानपणापासून हसत ऐकलेलं. आता घरात आई अशी झालेली असताना ते ऐकून कानशिलं तापायची. शेवटी उत्तर आलं, 'नाही' असंच. बाजूची जागा सोडायचीच असते, आणि प्लॉटवर जितकं बांधता येतं तितकं आम्ही बांधून बसलो होतो. यात कोणाची लबाडी नव्हती. नियम होता आणि तो आमच्या आड येत होता.

इंजिनियर बाहेर निघताना हळूच म्हणाले, "अंकल, बना लीजिए. इस गली में किसने नहीं बनाया?"

बाबांनी नकाशाची घडी घातली. "त्याहीचं त्याहीजवळ," एवढंच बोलले आणि आत गेले.

मी त्या दिवशी बाबांशी भांडले. अंगणात उभी राहून ओरडले. "हे प्लांटचं मशीन नाही बाबा, आई आहे!" ते तुळशीजवळची पानं उचलत राहिले. मला दया येण्याऐवजी आणखी राग आला. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण आमच्याकडे दोन्हीकडे माणसंच होती, आपापल्या जागी ठाम, आणि मधून आई वॉकर ढकलत होती.

उन्हाळा चढला. आई बडबडायला लागली. मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारायची. ओठांना भेगा पडल्या, अंगात ताप. हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. डॉक्टरांनी लघवी तपासली, सलाईन लावलं आणि विचारलं, "माताजी पानी कितना पीती हैं?" बाबा म्हणाले, "भरपूर. मैं खुद लोटा भर के रखता हूं." आणि ते खरं होतं. तांब्या सकाळी भरलेला असायचा, दुपारी रिकामा. ते पुन्हा भरायचे.

दुसऱ्या दिवशी मी तिचे कपडे घ्यायला घरी गेले. पलंगाच्या खिडकीतून सहज बाहेर पाहिलं. ती बाजूची पट्टी, परवानगी नाकारलेली, उन्हाने भाजून पांढरी पडली होती. फक्त खिडकीखाली हिरवंगार होतं. कधीतरी कोणी खोचलेला पुदिना तिथे असा माजला होता की गावाला चटणी पुरावी. मी पाहत उभी राहिले. पलंगावर बसून मी रडले, मोठ्याने, कोणी ऐकेल याची पर्वा न करता. संडासला जावं लागू नये म्हणून माझी आई तहानलेली राहत होती. बाबा प्रेमाने तांब्या भरत होते आणि ती त्यांची पाठ वळली की खिडकीतून ओतत होती.

हॉस्पिटलमध्ये मी तिला विचारलं, "कावून असं केलं?" ती शुद्धीवर होती. म्हणाली, "तुह्या बाबाची कंबर पाह्यली का? मले उतरवता उतरवता तो माणूस पडला त मंग?"

मी तिथूनच इंजिनियरांना फोन केला. परवानगीशिवाय काय करता येतं तेवढं सांगा म्हटलं. ते म्हणाले, मॅडम, भिंतीच्या बाहेर काही नाही, पण चार भिंतींच्या आत तुम्ही खोलीचं काय करता ते कोणी विचारत नाही. नळ घ्या, टाइल्स लावा, संडास काढा. फक्त पाइप मागच्या टाकीकडे उताराने गेला पाहिजे. पुढच्या खोल्यांतून तो जात नाही, सगळं घर उकरावं लागेल. मागच्या भिंतीला लागून दोनच खोल्या आहेत, एक स्वयंपाकघर. दुसरी कोणती ते त्यांना बोलू न देताच मी फोन ठेवला.

आई घरी आल्यावर मी दोघांना समोर बसवून सांगितलं. देवघर म्हटल्यावर आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं होतं, बाबा आता माझ्या बाजूने येतील. नियम पहिल्यांदाच हो म्हणत होता. पण बाबाच म्हणाले, "नाही."

"आता कावून नाही? आता तर परवानगीबी लागत नाही!"

"तिनं आयुष्यात तेवढंच मांगलं होतं," ते म्हणाले. उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. परत आले ते मिस्त्रीला घेऊन. बाजूच्या पट्टीत त्याला उभं करून ते हात पसरून लांबी-रुंदी दाखवायला लागले. खिडकीतून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "इहां से इहां तक. कल से लग जाओ. तोडतीन तं तोडतीन." शेवटचं ते मिस्त्रीला नव्हतं, स्वतःलाच होतं. त्यांचा आवाज चोरी करताना पकडलेल्या माणसासारखा झाला होता. पुदिना त्यांच्या पायाखाली तुडवला जात होता आणि त्याचा वास आत येत होता.

मला आनंद व्हायला हवा होता. महिनोन् महिने मी हेच मागत होते. पण माझ्याने पाहवेना.

आईने पलंगावरून हाक मारली. "अवो, आत या." ते खिडकीशी आले. "त्या माणसाले जाऊ द्या घरी. जल्मात तुमी कधी चोरून काम नाही केलं. आता म्हातारपणी माह्यासाठी करू नोका. कोणी गाडी वाजवली तरी तुमाले झोप नाही येणार, पाडाले आले म्हणून."

"मंग तू काय करशील?" बाबांनी विचारलं.

ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "देव तुह्या घरी ने."

आमच्यात कुळाचे टाक लेकीच्या घरी जात नाहीत. लेक दुसऱ्या घरची, तिचे देव वेगळे. टाक जायचे ते गावाला, चुलतभावाकडे. हे मी तिला सांगायच्या आधी तीच म्हणाली, "ठाऊक आहे मले. पण गावी गेले तं मले कोण सांगन, त्याहीले पाणी भेटलं का नाही?"

देव हलवायच्या सकाळी तिने आम्हा दोघांच्या खांद्यांवर भार टाकून देवघरापर्यंत चालत जायचा हट्ट धरला. खुर्चीवर बसून तिने स्वतःच्या हाताने टाक एकेक करून पुसले आणि स्टीलच्या डब्यात आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ठेवले. मला वाटलं, ती क्वार्टरमधल्यासारखी काहीतरी समजूत घालील. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तवा कंपनीचं घर होतं. आता माहंच आहे. आता कोणाचं नाव सांगू?" बाबा दाराशी उभे होते. ते मागे वळून अंगणात निघून गेले.

मी डबा स्कूटरवर पुढे, दोन पायांच्या मध्ये ठेवला आणि दुर्गला आले. कॉलेजपासून मी देवापुढे हात जोडले नव्हते. आता ते माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहेत. तिकडे मिस्त्रीने देवघरात कोनाड्याच्या जागी नळ काढला, पांढऱ्या टाइल्स लावल्या, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवला. काम चोख झालं. आई आता स्वयंपाकघरातून वॉकरने एकटी जाऊन येते. बाबांची कंबर वाचली. तिथे जाताना ती अजून दाराच्या चौकटीला हात लावून कपाळाकडे नेते, अर्ध्यात आठवतं, आणि हात पदराला पुसते. मी ते पाहिलं आहे.

आणि पाणी. पहिल्याच आठवड्यात बाबांचा फोन आला, दबक्या आवाजात. "बाई, तू आज फोन नाही केला. तिनं सकाळपासून घोटभर पाणी नाही घेतलं. म्हणते, देवाचं झाल्याशिवाय माहं कसं?" मी शाळेत होते, वर्गावर. मुख्याध्यापिकेची परवानगी मागून घरी धावले.

तेव्हापासून शाळेत निघायच्या आधी मी मोबाइल ओट्यावर ठेवून स्पीकर लावते. ताम्हनात टाक मांडते.

"घातलं का पाणी?" ती विचारते.

"घालून राहिली, आई."

"सगळ्याहीले?"

"सगळ्यांना."

"मंग पेते मी," ती म्हणते, आणि तिकडे तांब्या उचलल्याचा आवाज येतो. तो पुन्हा खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन बंद करत नाही.