आपल्या मातीचा सॉस

कतारमध्ये, आमच्या दोह्यातल्या कारखान्यात 'स्थानिक' हा शब्द भिंतीवर हिरव्या अक्षरांत लिहिलाय. बाकी सगळं जहाजातून येतं. टोमॅटोचा घट्ट गर परदेशातून निळ्या पिंपांत येतो. आम्ही त्यात पाणी, साखर, व्हिनेगर घालतो, बाटल्या भरतो आणि वर खजुराचं झाड छापतो. आयत्या पिठावर रेघोट्या मारायच्या आणि त्याला उत्पादन म्हणायचं! मी वसईची, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. या रेघोट्यांची चव तपासायला मला इथे ठेवलंय.

तरी गेल्या हिवाळ्यात मी हट्टाला पेटले. अल रुवैसच्या रस्त्यावर एका शेतात हरितगृहं होती आणि तिथला सुपरवायझर नारायणगावचा. आमच्या मॅनेजरांनी त्याला आमच्यासाठी टोमॅटो लावायला सांगितले, पण बियाणं स्वतः निवडलं, कॅटलॉगमधले फोटो बघून. गोल, चकचकीत, सॅलडचे टोमॅटो. सॉसला गर लागतो, यांच्यात नुसतं पाणी. मी तसं म्हटलं, तर उत्तर आलं, "मॅडम, सरकारी पाहुण्यांच्या व्हिजिटच्या दिवशी फोटो किती छान येतील!" गृहस्थ पार्ल्याचे. जन्मात कधी भाजी आणायला गेले नसावेत.

मग मी तेच पाणचट टोमॅटो निथळत ठेवले, आटवले, पुन्हा आटवले. शेवटी एक छोटी खेप जमली. जरा आंबट, पण खऱ्या टोमॅटोची. सुपरवायझरने बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाला, "ताई, जमलंय की!" मोठ्या पाहुण्यांना ती आवडली तर पुढच्या हंगामात त्याचा सगळा माल कारखाना घेणार होता. मला फक्त तेवढंच हवं होतं.

पाहुणे आले. पट्ट्यावर तेच चार क्रेट टोमॅटो कॅमेऱ्यासाठी गोल गोल फिरत होते. वाटीत सॉस आला आणि रंग बघूनच मी ओळखलं, हा पिंपातला. मुख्य पाहुण्यांनी चाखून डोळे मिटले आणि म्हणाले, ही आपल्या मातीची चव! हरितगृहात मातीचा कण नाही. रोपं नारळाच्या भुशात वाढतात आणि तो भुसाही केरळातून येतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या सगळ्यांची किळस आली.

मॅनेजरांना जाब विचारला, तर ते हसले. "उगाच रिस्क कशाला? त्यांना आवडलं ना, खलास! पुढच्या वर्षी पिंपं वाढवू."

सुपरवायझर बाहेर रिकामे क्रेट गाडीत चढवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने हात थांबवले नाहीत.

"मला वासावरूनच कळलं, ताई. आता मी काकडी लावणार हाय. काकडी अजून पिंपातनं येत न्हाई."