मालनच्या बाळाची गाठ

१९८४ सालचा डिसेंबर. मरोळच्या चाळीत बोचरा गारठा होता. अंजनाबाईने बंब पेटवला, न्हाणीत पाट मांडला, खोबरेल कोमट केलं. वीस वर्षं ती चाळीतल्या बाळांना न्हाऊ घालत होती. तान्ह्याचं डोकं तळव्यात धरून रोज थोडं थोडं दाबायचं, गोल करायचं, यात तिचा हातखंडा.

मालनचा मुलगा दहा दिवसांचा. अडला म्हणून डॉक्टरांनी त्याला चिमटा लावून काढला होता. तेव्हापासून उजव्या कानाच्या वर आलेली गाठ आता लिंबाएवढी झाली होती.

"बसव गो ती," मालनची सासू रुक्मिणी म्हणाली. "ह्या डोक्यार मुलगी कोण देतला ह्येका?"

"दाबू नका म्हणालेत ना डॉक्टर!" मालन खाटेवरून ओरडली.

"चिमटो त्यांचो, नि अक्कलय त्यांचीच!"

अंजनाबाईने अंगठा टेकवला, जरासा जोर दिला. बाळ किंचाळलं. कातडीखाली काहीतरी पाण्यासारखं हललं. तिने चटकन जोर सोडला, अलगद कडेने बोट फिरवलं. हाडांच्या सांध्यापाशी गाठ थांबली होती, जणू आत कुणी बांध घातलाय. पलीकडे टाळू उडत होती. अंजनाबाईने बोट काढून घेतलं.

"वैनी, हयसर माझो हात नको."

"मगे दुसरी बाई बघू?"

"बघा. पण तिकाय दाबूक देव नका."

रुक्मिणी चार दिवस फुगून बसली, पण दुसरी बाई काही आणली नाही. अंजनाबाई गाठीवरून नुसतं पाणी सोडायची. पंधरवड्याने गाठीची कड टणक लागली, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला. आपण त्या दिवशी दाबलं, त्यानेच तर नाही ना? हे ती कुणाला बोलली नाही.

मग गाठ हळूहळू बसत गेली. सातव्या आठवड्यात साबण लावताना तळव्याला काही लागेना. तिने पुन्हा हात फिरवला, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. दोन्ही बाजू सारख्या.

"वैनी, ह्यां कोणी केल्यान गो?"

"तूच की!"

"मी तर नुसतां पाणी सोडलंय."

"त्याचं त्यानेच केलं, मावशी," मालन हसली.

एवढासा जीव, अजून मान धरत नाही, आणि आतल्या आत हे काम करून मोकळा! अंजनाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने जांभई दिली. तिने त्याला पंच्यात गुंडाळून मालनकडे दिलं आणि साचलेलं साबणाचं पाणी खराट्याने मोरीकडे लोटायला घेतलं.