खुंटीवरचे खापरपणजोबा

मास्तरांच्या माडीवर एक पुरुष राहतो, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळी सुटली आणि दुपारच्या चहापर्यंत त्या पुरुषाला मिशासुद्धा फुटल्या होत्या. समोरच्या इस्त्रीवाल्याने त्याला खिडकीत पाठमोरा उभा पाहिला होता. दूधवालीने तर मास्तरांचा आवाजच ऐकला होता, "ताठू नका हो. श्वास सोडा. पोट आत ओढू नका, मला खरं माप हवंय." साठी ओलांडलेल्या, लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेल्या बाईने बंद खोलीत कुणाला तरी पोट आत ओढू नका म्हणावं, यातून गल्लीने काय समजायचं? ही बातमी मी पसरवली नाही, बरं का. मी फक्त तिला वाटेत कुठे ताटकळू दिलं नाही.

मग मी जिना चढले. पुरुष होता. खरंच होता. पण त्याला मरून शंभर वर्षं उलटली होती आणि तो कागदाचा होता.

मास्तर म्हणजे आमच्या शेजारच्या शिवणदुकानाच्या मालकीण. वडील गेल्यावर गिऱ्हाइकं सवयीने "मास्तर आहेत का?" असं विचारत यायची. ह्या आतून "आहेत" म्हणत बाहेर यायच्या, तेव्हापासून त्याच मास्तर. खाली दुकान, वर एक लांबट खोली. गल्ल्यामागच्या खुर्चीत त्यांचे थोरले भाऊ बसतात, त्यांना सगळे दादा म्हणतात. दादांचं काम म्हणजे आल्या-गेल्याला "बसा" म्हणणं. कात्रीला ते हात लावत नाहीत. का लावत नाहीत, ते सांगतेच.

या घराण्याची एक रीत आहे. स्वतःचा कोट स्वतः बेतल्याशिवाय माणूस शिंपी झाला असं तिथे धरत नाहीत. जाड कागदावर आधी साचा कापायचा, मागचा भाग, पुढचा भाग, बाही, कॉलर. मग त्यावरून कापड. आणि अंग बदललं की नवा कोट, नवा साचा. जुना फेकायचा नाही. त्याला भोक पाडून खुंटीवर अडकवायचा. माणूस गेला तरी खुंटी तशीच. त्यामुळे बाकीच्यांच्या घरी पूर्वजांच्या तसबिरी असतात, यांच्याकडे पूर्वजांची पोटं आहेत.

सगळ्यात जाडजूड झुबका खापरपणजोबांचा. आणि त्याच झुबक्याने या घराला दोन पिढ्या धाक घातला होता. मास्तरांचे वडील तो उलगडून मुलांना दाखवायचे. तळाचे साचे बघा, म्हणायचे, केवढी रुंद छाती, कड कशी सुरीने लोणी कापल्यासारखी! आणि वर वर येत जा. माणूस रोडावत चाललाय, कड वाकडीतिकडी, दातेरी. सगळ्यात वरचा साचा एखाद्या काडीपैलवानाचा, आणि कापलाय असा, जणू कात्री धरणारा चालत्या बैलगाडीत बसला होता. म्हणजे काय झालं? हाताला थरथर सुटली, अंग सुकत गेलं आणि ऐन चाळिशीत आटोपलं. घराण्याचा रोग! कुणाला ना कुणाला धरणारच.

दादांनी ही गोष्ट लहानपणीच मनावर घेतली. आपल्याला तो रोग होणार, मग उगाच कात्री कशाला शिकायची, असा दूरदर्शी विचार करून ते जे खुर्चीत बसले ते आजतागायत. मास्तरांनी मात्र गोष्ट ऐकली, खांदे उडवले आणि चाळीस-एक वर्षं अर्ध्या गावाला कोट घातले.

आता त्यांच्याच हाताला थरथर सुटली होती.

मला आधी दिसला तो पट्टा. मास्तर गळ्यात टेप घालून फिरतात, तो हल्ली मानेवर ठरत नव्हता, इतका गळा बारीक झाला होता. मग दुकानात पाटी लागली, "नवीन काम घेत नाही." गल्ली म्हणाली, मास्तरांना गर्व झाला. माडीवरच्या पुरुषाची भानगड नेमकी त्याच आठवड्यातली.

मी वर पोचले तेव्हा शिवणाच्या पुतळ्यावर कागदाचा कोट टाचण्यांनी उभा केलेला होता आणि मास्तर त्याच्याभोवती फिरत होत्या. टाचणी लावताना बोटं अशी हलत होती की कागद सळसळत होता.

"आलीस? मला वाटलंच. अजून कोण कोण आहे जिन्यात?"

"कुणी नाही. एवढ्या रूपवान माणसाला मी एकटीच बघणार. हे कोण?"

"खापरपणजोबा."

"अगंबाई! नमस्कार करू की माप घेऊ?"

"चेष्टा सुचतेय तुला." त्या स्टुलावर बसल्या. "मला मोजायचंय, हात बिघडल्यावर यांनी स्वतःचे अजून किती कोट बेतले. त्यावरून माझे किती दिवस उरले ते धरून चालते. त्या हिशेबाने गिऱ्हाइकांना सांगते. कुणाचं लग्नाचं कापड अर्धवट बेतून मरायला मला नाही आवडणार."

बोलणं असं, जणू उद्या किती वाजता दुकान उघडायचं ते सांगत होत्या.

"डॉक्टर?" मी विचारलं.

"डॉक्टर काय करणार? त्यांना म्हणू, माझे खापरपणजोबा बदलून द्या?"

या माणसाला बोलून उपयोग नव्हता. मग मी खोलीत उगाच लुडबुड सुरू केली. झुबका आतल्या अंधाऱ्या भिंतीवर होता. मास्तरांनी एक-एक साचा काढून, पाहून, खिडकीजवळच्या दुसऱ्या खुंटीवर टांगायला सुरुवात केली. मी बाजूला उभी राहून शेरे मारत होते. वरून तिसऱ्या साच्यावर शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, "लग्नाचा."

"मरायला टेकले असताना लग्न?"

"दुसरं," मास्तर नाक मुरडून म्हणाल्या. "बाबा सांगायचे. म्हातारचळ."

"चाळिशीत म्हातारचळ? आणि अंग तर बघा, वाऱ्याने उडेल! कोण बाई तयार झाली असेल हो?"

"तुझ्यासारखी एखादी. चौकशी करता करता अडकली असेल."

साचे सरकत होते. तळाकडच्या रुंद साच्यांवर शिवणीच्या बाजूला बारीक अक्षरात "यंत्र" लिहिलेलं होतं, म्हणजे ते कोट मशीनवर शिवायचे. मशीन खापरपणजोबांनीच आणलेलं, ते अजून दुकानात आहे, पाय लावला तर आजही बोलतं. वरच्या बारक्या साच्यांवर मात्र "यंत्र" नव्हतं.

"मशीन घरात असून शेवटचे कोट हाताने कशाला शिवले?"

"थरथरीमुळे मशीन चालवता येईना, असं बाबा म्हणायचे."

"थरथरत्या हाताला मशीन जमत नाही आणि सुई जमते?"

शेवटचा साचा खिडकीजवळच्या खुंटीवर गेला. आता तिथे सगळ्यात वर आला तो त्या गुटगुटीत, रुंद छातीचा. मी टाळी वाजवली.

"बघा, बघा! मरता मरता खापरपणजोबांनी काय बाळसं धरलं!"

"गप. तो पहिला आहे. एक-एक करून टांगले ना, म्हणून उलटे झाले. वरचा खाली जातो..."

हात खुंटीवर तसाच. मग त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि खाली ओरडल्या, "दादा! जुन्या दुकानातून इथे आलो तेव्हा हे खापरपणजोबांचे साचे कुणी आणले?"

"आजोबांनी!" खालून आवाज आला. "का गं?"

"कसे आणले? सगळा झुबका एकदम उचलून?"

"छे! यांचा कागद सगळ्यांत जुना, फाटेल म्हणून एक-एक. ते तिथे काढायचे, मी नेऊन द्यायचो, ते इथे अडकवायचे. माझे पाय मोडले होते येरझाऱ्या घालून. तेवढंच काय ते काम केलंय मी या धंद्यात."

मास्तर परत येऊन पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या.

समजलं ना? जुन्या दुकानात नवा साचा नेहमी वर जायचा, शेवटचा सगळ्यात वर. आजोबांनी वरचा आधी काढला आणि नव्या खुंटीवर आधी अडकवला, म्हणजे तो गेला तळाला. पहिला, पोरवयातला साचा आला वर. आजोबा मुळात अबोल, पुढे वर्षभरात गेले. वडिलांनी झुबका पाहिला आणि घरच्या रीतीप्रमाणे वरचा तो शेवटचा असं धरून खापरपणजोबांचं आख्खं आयुष्य उलटं वाचलं. शेवटाकडून सुरुवातीकडे! रोग लावला, चाळिशीत मारलं आणि वर एक बायकोही करून दिली.

"म्हणजे हा वरचा..." मास्तर पुतळ्यावरच्या काडीपैलवानाकडे बघत म्हणाल्या, "हा त्यांचा पहिला कोट. शिकाऊ पोरगा. म्हणून कड दातेरी."

"आणि तिसरा लग्नाचा. एकुलत्या एक लग्नाचा."

"मग मशीन आलं..."

"मग पोट आलं."

पण मास्तर शिंपी. डोळ्यांना पटलं तरी टेप लावल्याशिवाय विश्वास ठेवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे एक कारकून जांभई अर्धवट सोडून आमच्याकडे बघायला लागला.

"मयताचे कोण तुम्ही?"

"खापरपणती," मास्तर म्हणाल्या.

"जरा उशीर केलात."

तरी माणूस भला. आतून जुनी नोंदवही आणून त्याने बोट फिरवलं. धंदा शिवणकाम, पत्ता जुन्या दुकानाचा, वय वर्षं एक्क्याऐंशी. मरणाचं कारण, वार्धक्य. मास्तरांनी त्याला वय पुन्हा वाचायला लावलं. त्याने वाचलं. "पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. तिसऱ्या वेळी तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, यांना काही वारसा वगैरे मिळतोय का?"

"मिळत होता," मी म्हटलं, "तो टळला."

बाहेर पायरीवर मास्तर बसल्या. रडल्या का? थोड्या. मी दुसरीकडे बघत होते, पण मला डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसतं. मग नाक पुसून त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले. हात हलतच होते.

"मग हे काय आहे?" त्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"ते विचारायला दुसरी खिडकी आहे," मी म्हटलं आणि तशीच रिक्षा केली.

डॉक्टरीणबाई तरुण आणि तोंडाने फटकळ होती. तिने नाडी पाहिली, हात समोर धरायला लावले, गळा चाचपला. वजन कधीपासून उतरतंय? छाती धडधडते? झोप? उकडतं फार? मास्तर प्रत्येकाला "हो" म्हणत गेल्या आणि अधूनमधून माझ्याकडे बघत गेल्या, जणू मीच सगळं आधी फोडलं होतं. रक्त तपासलं. दोन दिवसांनी कागद आला. थायरॉईड. गळ्यातली ग्रंथी मर्यादेबाहेर धावत सुटली होती, एवढंच.

"याला औषध आहे?" मास्तरांनी विचारलं.

"आहे. गोळ्या. हात थांबतील, वजन भरेल. आधी का नाही आलात?"

"घरात एक माणूस आजारी होता," मास्तर म्हणाल्या. "परवाच कळलं, तो ठणठणीत होता."

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, गोळ्या लिहा तुम्ही, बाकीचं मी वेटिंग रूममध्ये सांगते. सांगितलंही. दोन पेशंट आपला नंबर सोडून ऐकत बसले.

गोळ्यांना वेळ लागला. पहिले काही आठवडे काहीच नाही, आणि मास्तर माझ्यावरच डाफरायच्या, जणू गोळ्या मी घरी वळून दिल्या होत्या. मग एका सकाळी मी दुकानात डोकावले तर त्या लोकरी कापडावर खडूने रेघ ओढत होत्या. लांब, सरळ, एका दमात. रेघ संपली, त्यांनी मागे सरून तिच्याकडे पाहिलं, आणि कात्री घेतली. कात्रीचा तो करकर आवाज दुकानात बऱ्याच महिन्यांनी येत होता. इस्त्रीवाला इस्त्री आपटून ठेवून बाहेर येऊन उभा राहिला. मी त्याला म्हटलं, बघतोस काय, तुझा तो मिशीवाला पुरुष शिवतोय.

पाटी त्याच दिवशी उतरली. गल्ली तुटून पडली. कापडाचे गठ्ठे गल्ल्यावर, खुर्चीवर, दादांच्या मांडीवर.

या सगळ्यात दुःख झालं ते एकट्या दादांना. घराण्याचा रोग गेला म्हणजे माणसाने कशाच्या आधारावर बसून राहायचं? दोन दिवस ते आल्या-गेल्याला "बसा" म्हणायचंच विसरले. तिसऱ्या दिवशी, दुकानात मी होते, दोन गिऱ्हाइकं होती, तेव्हा त्यांनी मांडीवरचं कापड बाजूला ठेवून फार खोल आवाजात बहिणीला विचारलं, "म्हणजे मलाही काही होणार नव्हतं? मग एवढी वर्षं मी... आता या वयात मी काय करू?"

मास्तरांनी मान वर केली नाही. कात्री चालूच होती.

"काजं कर. तीन कोट खोळंबलेत."