आधी तुम्ही खा

आज सकाळी समोरच्या काकूंनी नेहमीसारखी शिऱ्याची वाटी आणली. दार माझ्या सहा वर्षांच्या ईराने उघडलं. तिने वाटी हुंगली आणि शांतपणे म्हणाली, "आधी तुम्ही खा."

काकू मूळच्या सदाशिव पेठेतल्या. त्यांनी चमचाभर शिरा तोंडात टाकला. "घ्या. आहे अजून जिवंत."

"लगेच काही होत नाही," ईरा म्हणाली. "पुढच्या भागात होतं."

काकू हसल्या नाहीत. वाटी माझ्या हातात देऊन निघून गेल्या.

मला आधी स्कूल व्हॅनमधल्या मोठ्या मुलांचा संशय आला, मग पाळणाघराचा. आमच्याकडे मारामारीची कार्टून्स केव्हाच बंद आहेत, हे मी सगळ्यांना सांगत असते. शेवटी ईरालाच विचारलं. मालिकेतली धाकटी जाऊ खिरीत काहीतरी कालवते आणि हसत हसत वाढते म्हणे.

ती मालिका मीच लावते. खराडीच्या ऑफिसातून दमून आल्यावर, ईराला भरवताना. त्यात बंदूक नाही, रक्त नाही, सगळ्याजणी काठपदराच्या साड्या नेसून वावरतात, म्हणून मला ती घरगुती वाटायची.

तुमच्याकडे मुलं जेवताना टीव्हीवर काय चालू असतं? खरं सांगा.

मघाशी मी ईराला दूध दिलं. पेला हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

मी हसले.

तिने पेला खाली ठेवला.