कार्बन सरकव!

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. मांजर आडवं गेलं तर मी थांबते, पण ते पायाखाली येऊ नये म्हणून! तरीही हे लिहितेय...

माझे बाबा हिंगणघाटच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. आठ महिने सिंदी मेघेच्या आमच्या घरात त्यांचा एक शब्द नाही. फार आशा धरू नका, असं सगळेच सांगत होते. मला फक्त एकदा त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं.

एका रविवारी भर दुपारी मी लॅपटॉपवर त्यांचा लाडका सिनेमा लावला – ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात गाडी बंद पडून अडकलेल्या माणसाचा. इतकी वर्षं झाली, तरी लोक त्यावर भरभरून लिहितात. आता तर नवी, स्वच्छ केलेली कॉपी आलीय. बाबा सांगायचे, "भूत एकबी नाई त्याच्यात, पण घरी गेल्यावर लोकं दाराची कडी दोनदा पाह्यत."

तो माणूस वाळवंटात हाका मारतो, कुणी ओ देत नाही – नेमकं तिथे चित्र पिवळं पडत गेलं. मग काळपट. चार्जर लावलेला होता. मी आपली बटणं दाबत बसले...

"काऊन बसली अशी, माधुरी? कार्बन सरकव नं, अंधार होऊन राह्यला!"

बाबा!

टॉकीजच्या जुन्या प्रोजेक्टर मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या जळून पडद्यावर उजेड पडायचा. त्या झिजल्या की चित्र पिवळं पडायचं, मग ऑपरेटर मशीनची एक मूठ फिरवून त्या जवळ आणायचा. बाबांचा उजवा हात – तोच, गेलेला – हवेत ती मूठ फिरवत होता. आणि हात फिरेल तसतसा स्क्रीन उजळत गेला.

आई कणकेच्या हातांनीच धावत आली. "अवं, हे बोलले का?" मी ढसाढसा रडतच मान डोलावली.

नंतर तो भाग मी अकरा वेळा पाहिला. चित्र कुठेच पिवळं पडत नाही. लॅपटॉपवाल्यालाही काही सापडलं नाही. वाचा परत येते कधी कधी, असं डॉक्टर म्हणतात. मान्य. पण स्क्रीन? तिथे माझं विज्ञान अजून गप्प आहे.

आता बाबा दिवसाला दहा-बारा शब्द बोलतात. परवा मी शाळेतून वैतागून आले, तोंड पाडून बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच हवेत मूठ फिरवली. मला हसू फुटलं. खोलीत उजेड वाढल्यासारखा वाटला... या वेळी मी तपासायला गेले नाही.